दिसली पाहिजेस

बायकांच्या ग्रुपबरोबर चार दिवसांच्या बाईक टूरला निघालेल्या बायकोला नवऱ्याने भडक नारिंगी जाकीट आणून दिलं. "ट्रकवाल्यांना लांबूनच दिसली पाहिजेस. हे अंगातून काढायचं नाही," त्याने बजावलं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याला आपली काळजी वाटली, म्हणून ती जरा सुखावली.

पहिल्याच थांब्यावर हॉटेलमालकाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नारिंगी जाकीटवाल्या तुम्हीच ना? तुमच्या मिस्टरांचा फोन होता. सोबत कोणी पुरुष आहे का, विचारत होते."

दुसऱ्या थांब्यावरही तेच ऐकल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला.

"पाळत ठेवतोयस माझ्यावर?"

"ठेवणारच. तुझा काय भरवसा? सगळ्या हॉटेलांचे नंबर आहेत माझ्याकडे. आणि जाकीट काढलंस, तर या घरात परत पाऊल टाकायचं नाही."

तिने फोन कापला आणि जाकीट ओरबाडून काढलं. ग्रुपची म्होरकी पेशाने नर्स होती. तिने ते जाकीट उचलून पुन्हा तिच्या हातात दिलं.

"घाल गुपचूप. असली जाकिटं न घातलेली माणसं रोज येतात आमच्याकडे. त्याच्यावरच्या रागापायी तू कशाला मरतेस?"

संध्याकाळी मुक्कामाच्या गावात शिरल्यावर ती जाकीट घालूनच सगळ्यांना घेऊन बाजारात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याने पुढच्या हॉटेलात फोन लावला. "नारिंगी जाकीट घातलेली बाई आलीय का तिथे?"

मॅनेजरने बाहेर डोकावून पाहिलं.


"अकरा जणी आल्यात, साहेब. तुमची कुठली?"