दाराची साखळी

“अजून उभाच आहे,” लेक खिडकीतून बघत म्हणाली.

“राहू दे. दुकानाला पाटी नाही, तेवढीच शोभा.” आईने कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री दाबली.

“थट्टा नको, आई. लोक बघतात.”

“लोकांचे कपडे मी धुते. कुणाच्या शर्टावर कसले डाग असतात ते मला विचार.”

लेकीची नजर टेबलावर गेली. ह्याच टेबलाशी धाकट्याने बापाच्या डोक्यात इस्त्री घातली होती. बाप जागीच गेला. धाकट्याला तेव्हा भिंतीतून आवाज ऐकू यायचे, आणि समोरच्या माणसात त्याला बाप दिसतच नव्हता. कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात धाडलं. आता त्याला घरी सोडलं, आणि गल्लीला चघळायला विषय मिळाला.

“तो काय बाबांच्या जिवावर उठला होता?” लेकीने पुन्हा सुरुवात केली. “असं होईल हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं?”

“नसेल.”

“स्वतःच्या तोंडाने कबूल केलं त्याने. किती रडला तुझ्यापुढे!”

“रडायला काय लागतं?”

“तुझ्याच पोटचा आहे ना गं?”

“म्हणून तर. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.”

“रोज येऊन उभा राहतो बिचारा. गालफडं बघ कशी बसलीत. डॉक्टरांनी बजावलंय ना, हा आजार आहे, कुणाला दोष देऊ नका म्हणून?”

“आजारी माणसावर माझा काही राग नाही.”

“मग उघड ना दार!”

आईने शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग इस्त्री बंद करून दाराशी गेली. दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

तो धावतच पुढे आला. फटीत तोंड घालून म्हणाला, “आई, एकदा आत घे. कोपऱ्यात पडून राहीन. तू म्हणशील ते करीन.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी ताप आला की तो असाच बघायचा. तिचा हात साखळीपर्यंत गेला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून धाकटा ओले हात पुसत आला आणि आईच्या खांद्यावरून डोकावला. “दादा आलाय? मग बाहेर काय उभा? घे ना त्याला आत.”

“तू जा, दूध उतू जाईल,” आई म्हणाली. धाकटा आत गेला. तिने साखळीवरचा हात काढला.

“तेव्हा इस्त्रीला हॉटेलच्या चादरींचा ढीग पडला होता. डोक्याच्या गोळ्यांनी धाकट्याचे हात मंद चालतात म्हणून तू मला न सांगता त्या बंद केल्यास. ते मी एक वेळ गिळलं असतं,” ती दाराबाहेरच्या थोरल्या लेकाला म्हणाली. “पण बापाऐवजी हाच का मेला नाही, म्हणून मी ह्याला शाप देत होते, तेव्हा तू शेजारी बसून माझे डोळे पुसत होतास.”