एकास अनेक

संगणकाच्या पडद्यावरच्या रेषेच्या एका टोकाला एकच आडवी काडी होती, दुसऱ्या टोकाला पक्ष्याच्या पायासारखे तीन फाटे. एका नोंदीला अनेक नोंदी जोडलेल्या असल्या की माहितीच्या दोन टेबलांमध्ये अशी नात्याची रेष दिसते. नवनाथच्या नोंदींपाशी मात्र ती नव्हती.

चाकणच्या त्या कारखान्यात कंत्राटी कामगाराला दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळायचा. पंधरवडाभर घरी, मग नवा नंबर, नवा माणूस म्हणून भरती. नवनाथ नऊ वर्षं पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर होता. सॉफ्टवेअरमध्ये तो प्रत्येक वेळी कालच आलेला. कायम होण्यासाठी त्याने कामगार न्यायालयात दावा लावला होता. हे सगळे नंबर एकाच माणसाचे, एवढंच सिद्ध व्हायला हवं होतं. ते दाखवू शकणारी कारखान्यात एकटी, संगणकावरच्या नोंदी सांभाळणारी दिव्या होती, आणि ती कधीची ‘बघते’ म्हणून वेळ मारून नेत होती.

“नाती लग्न जमवताना बघतात गं,” तिचे साहेब निरंजन हसत म्हणाले होते. “टेबलांची बघत बसलीस तर खुर्ची जाईल.”

तरी एके दुपारी तिने कँटीनपाशी हाक मारली, “नवनाथ!”

नेहमीसारखा तो दुसऱ्या हाकेला वळला. प्रेसच्या दणक्यांनी कान जायचेच.

“नाव दर वेळी वेगळं टाइप केलंय. बँकेचं खातंही बदललंय. हजेरीचा अंगठा जोडून बघते.”

“अंगठा?” तो जरा थांबला. “नावावर न्हाई भागत का मॅडम?”

“कोर्टात नाही भागत.”

“बघा तुमी. दोन चुली हायेत माझ्या एकट्यावर. कायम झालो तर जीव तरंल.”

गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. ओव्हरटाइमला आलेल्या नवनाथला तिने टेबलापाशी बसवलं. ठशांचं टेबल जोडल्याबरोबर नंबरांमागून नंबर एकाच ठशाला येऊन मिळाले. पक्ष्याचा पाय अखेर उमटला.

“हे वकिलांना मी देते,” दिव्या म्हणाली. “साक्षीलाही उभी राहते. नोकरी गेली तर गेली.”

बोलून गेल्यावर तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

मग तिचं लक्ष खाली गेलं. सुरुवातीच्या वर्षांतले नंबर बाजूलाच पडले होते. त्यांचाही ठसा एकच होता, पण हा नव्हे.

“तेव्हा अंगठ्याचं मशीन वेगळं असेल,” ती म्हणाली. “लिहून देता येईल तसं.”

“मशीन तेच हाय, मॅडम.”

त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“दावा मागं घेतो,” तो म्हणाला. “नवनाथ माझा थोरला भाऊ. करोनात गेला तो.”