अर्धा मोठा की तृतीयांश

“तू महागड्यातच जा,” ताई म्हणाली आणि इस्त्री फिरवत राहिली.

ताई नर्स होती. धाकट्या भावाला पदवीनंतर मास्तरकीचा कोर्स करायचा होता, म्हणून तिने दुहेरी पाळ्या घेतल्या होत्या. महागड्या कॉलेजात लिफ्ट होती, कारंजं होतं. स्वस्त कॉलेज गाद्यांच्या दुकानावर होतं. फी निम्म्याहून कमी.

धाकट्याला मनातून कारंजंच हवं होतं. ताईच्या सुजलेल्या पायांकडे बघून त्याला स्वतःचीच लाज वाटायची. महागड्यातली जागा आज पाचपर्यंतच राखून ठेवली होती. तो म्हणाला, आधी स्वस्तातलं बघून येतो. खरं तर त्याला नाक मुरडायला सबळ कारण हवं होतं.

जिना चढून गेला, तर वर सरावपाठ चालू होता. एक विद्यार्थी मास्तर होऊन अपूर्णांक शिकवत होता. बाकीचे सगळे घोडे शाळकरी पोरं होऊन बाकांवर बसले होते. कुणी खोड्या काढत होतं, कुणी पाणी प्यायला जायची परवानगी मागत होतं.

पहिल्या बाकावरच्या पिकल्या केसांच्या बाई मात्र कमाल करत होत्या.

“तीन दोनापेक्षा मोठे ना? मग तृतीयांश अर्ध्याहून लहान कसा?”

मास्तरने फळ्यावर आकृती काढली. बाईंनी मान हलवली. त्याने कागदाच्या घड्या घालून दाखवल्या. बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला, पेनाचं टोपण चावलं.

“कागदाचं राहू द्या. आकड्यांचं बोला.”

मास्तर घामाघूम झाला, पण चिडला नाही. पाचव्यांदा पहिल्यापासून समजावू लागला.

धाकटा दारातच खिळला. इतकं अस्सल अडाणीपण वठवायचं म्हणजे खायचं काम नव्हे. असा विद्यार्थी समोर असेल, तर दगडाचाही मास्तर होईल. आणि आपण कारंजं बघत बसलो होतो. त्याचे कान तापले.

जिन्यातूनच त्याने ताईला फोन लावला. आपण कसे उथळ, दिखाऊपणाला कसे भुललो, सगळं कबूल केलं. ती जागा सोडून दे म्हणाला.

“नक्की ना? मग माघार नाही हं.”

“नक्की. ताई, तू दुहेरी पाळ्या बंद कर.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. दहा मिनिटांत तिने तिकडे नकार कळवला. त्याने इकडे फी भरली. एकदा भरलेली फी परत मिळत नाही, असं खिडकीवरच लिहिलं होतं.

सही करता करता त्याने कारकुनाला विचारलं, त्या पहिल्या बाकावरच्या बाई कितव्या वर्षाला आहेत? त्यांच्या अभिनयाचं कौतुक करायचं होतं.

कारकुनाने आधी मागे वळून दार बंद असल्याची खात्री केली.

“हळू बोला,” तो मान खाली घालून म्हणाला. “त्या आमच्या गणिताच्या मॅडम. दर वर्षी कुणीतरी नीट समजावेल म्हणून पुढे बसतात.”