साबण काळा पडेपर्यंत

उस्तादांनी पेटती गॅसची नळी सुनेच्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही हात बगलेत दाबून धरले. हातांची थरथर तिला दिसू नये म्हणून. दिसायची ती केव्हाच दिसली होती. पण तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, आणि त्याबद्दल ते मनातल्या मनात तिचे उपकार मानत होते.

समोर कामाच्या लाकडी घोडीवर बेकरीवाल्याच्या जुन्या व्हॅनचं नाक पडलं होतं. ॲल्युमिनियमचा आरशासारखा चकचकीत, गोलसर पत्रा, उस्तादांनी ऐन उमेदीत स्वतः ठोकून घडवलेला. मधोमध ओंजळभर पोचा. आता असा पत्रा कुठे विकत मिळत नाही; भोक पडलं तर व्हॅन बिननाकाची.

लोखंड तापलं की लाल होतं, निदान सांगून तरी जातं. ॲल्युमिनियम घुमं. रंग बदलत नाही, एकदम वितळून खाली येतं. म्हणून तिने पोच्याच्या कडेने अंगाचा साबण घासला होता. साबण काळा पडला की पत्रा ठोकण्याइतका मऊ झाला. त्याच क्षणी ज्योत बाजूला घ्यायची. एक श्वास उशीर झाला की खेळ खलास.

ज्योत फिरू लागली. साबणाची रेघ पिवळी झाली, तांबूस झाली, आणि नेमकं तेव्हाच आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं.

उस्ताद तिच्या मनगटाकडे बघत राहिले. याच घडीला भले भले कारागीर डगमगलेले त्यांनी पाहिले होते. रडण्याने टिपेचा सूर धरला. तिच्या कुडत्यावर दुधाचा ओला डाग पसरत गेला. ज्योत मात्र त्याच चालीने फिरत होती, पाळण्याची दोरी ओढावी तशी.

"बाबा, त्याला घ्या," नजर न उचलता ती म्हणाली.

 नातू झाल्यापासून उस्तादांनी त्याला लांबूनच पाहिलं होतं. "अगं, माझे हात..."

"हलू देत. त्याला हलवलेलंच आवडतं."

ते बाळाला घेऊन बाहेर आले तेव्हा नळी विझलेली होती आणि साबणाची रेघ सगळीकडे सारखी काळी पडली होती. तिने बाळाला पाजलं, पुन्हा त्यांच्या खांद्यावर दिलं, पत्रा वाळूच्या पिशवीवर उलटा टाकला आणि लाकडी हातोडा उचलला. पोचा मुकाट वर आला.

संध्याकाळी ती फडक्याने शेवटची चमक काढत असताना बेकरीवाला आला. पत्र्यावर बोटं फिरवून, पोचा होता कुठे तेच त्याला सापडेना. उस्तादांचा हात अजून तसाच आहे, असं तो मोठ्याने म्हणाला.

"हात तिचा," उस्ताद कुजबुजले. "माझे दोन्ही गुंतलेत. आणि शेठ, जरा हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."