ओल्या पडद्यामागून

दिवेलागण झाली तशी पोरांनी पाटोद्याच्या महादेवापुढच्या पटांगणात, दोन बांबूंना ताणून बांधलेल्या धोतरावर पाणी शिंपडायला सुरुवात केली. धोतर ओलं असलं म्हणजे चित्र आरपार उमटतं, हे उत्तरेश्वर मास्तरांनी त्यांना शिकवलं होतं. पुढून पुरुषमंडळी बघणार, मागून बायका. घरंदाज बायकांनी चार पुरुषांच्या मांडीला मांडी लावून कसं बसायचं? म्हणून ही तोड.

सुंदरबाई मागे येऊन बसली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारीच तिची थोरली विधवा नणंद जानकीबाई ऐसपैस बसली होती. घरात शेवटचा शब्द जानकीबाईचा. सुंदरबाईची लेक शिवकन्या जन्माची डावखुरी, आणि ते जानकीबाईच्या डोळ्यांत सलायचं. पोरीच्या डाव्या हाताला चिंधी गुंडाळून झाली, नवस बोलून झाले. परवा तर तिनं सगळ्यांदेखत बजावलं होतं, "पुन्यांदा डाव्या हातानं काई करताना दिसली, तर विळा तापवून हातावर डाग देते. मंग बसंल गुमान."

आणि आज घरून निघताना पोरीनं आईच्या कानाशी लागून सांगितलं होतं. मास्तरांच्या शिनिमात तिनं रांगोळी काढलीय. चिंधी सोडून. डाव्या हातानं.

उत्तरेश्वर मास्तर मुंबईच्या सिनेमा कंपनीत राहून आलेले. येताना हातानं दांडा फिरवून चित्र धरायची आणि तेच पुन्हा पडद्यावर दाखवायची पेटी घेऊन आले, तहसीलदारसाहेबांची इजाजत काढली आणि गावातली पोरं-पोरी गोळा केली. तोंडानं फार शिकवायचे नाहीत. पेटीचा दांडा सरळ पोरांच्या हातात द्यायचे. ज्यानं त्यानं आपल्या घरचं, गल्लीतलं एक काम पेटीत धरायचं. मुलगे दांडा घाईनं फिरवायचे. पोरींना जात्याची सवय, त्यांच्या हातात तो एका लयीत फिरायचा. फिल्म धुतलीसुद्धा पोरांनीच, मास्तरांच्या अंधाऱ्या कोठीत. रांगोळीच्या वेळी मात्र शिवकन्येची उजव्या हातानं रेघच नीट येईना, आणि फिल्म वाया चाललेली. मास्तर म्हणाले, "ज्या हाताला येतंय, त्या हातानं काढ बाई." झालं. पोरीला तेवढंच पाहिजे होतं.

आता त्याच पेटीत दिवा लागला. दांड्याची खरखर सुरू झाली, आणि ओल्या धोतरावर गाव हललं.

बायका सरकत सरकत पडद्याजवळ आल्या. तीच वेस, तीच मोट, तोच बंकट पाटलांचा खोंड, आणि त्याची शेपटी चक्क हलत होती. एका म्हातारीनं तर हात जोडले. सुंदरबाई मान उंचावून बघू लागली. जे रोज बघून डोळे विटले होते, ते इतकं देखणं असतं होय? घटकाभर ती डाग विसरून गेली.

मग पाटील ताटावर बसलेले दिसले. त्यांनी भाकरी मोडली, घास उचलला, आणि पाटलीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं बया, हे तर डाव्या हातानं जेवायलेत."

पाठोपाठ पुजारीबुवा आले. पिंडीवर पाणी घालत होते, तेही डाव्याच हातानं. बायकांत कुजबुज सुरू झाली. आणि मग तुळशीवृंदावन आलं. तिथं उभी होती खुद्द जानकीबाई; ते चित्र शिवकन्येनंच दांडा फिरवून धरलं होतं. पडद्यावरच्या जानकीबाईनं पदर सारखा केला, तांब्या उचलला आणि डाव्या हातानं तुळशीला पाणी घातलं.

"ही मी न्हवं," जानकीबाई म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. अंधारात तिनं आपले दोन्ही हात पुढ्यात धरून आळीपाळीनं पाहिले.

पडद्यावर रांगोळीचं अंगण उमटलं. सुंदरबाईनं डोळे गच्च मिटले.

"बघा गं," पाटलीणबाई म्हणाल्या, "समद्या गावात ही एकच पोरगी उजव्या हातानं काम करायली."

सुंदरबाईनं डोळे उघडले. खरंच की! शिवकन्येच्या उजव्या चिमटीतून रांगोळी सुटत होती आणि रेघ कुठं म्हणून तुटत नव्हती. महादेवानंच लेकीची लाज राखली, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात शिवकन्या पडदा भिजवायला बादली घेऊन मागे आली. जानकीबाईनं तिचं मनगट धरलं.

"ए पोरी, म्या कवा डाव्या हातानं तुळशीला पाणी घातलं गं?"

"आत्या, तुमी मागून बघायलाव. मागून समदं उलटं दिसतं. म्होरं जाऊन बघा, तुमचा उजवाच हाय."

"आन् तुझा?"

सुंदरबाईनं लेकीचा पाय दाबला. एक शब्द खोटं बोल गं बाई, तिनं मनातल्या मनात विनवलं.

शिवकन्येनं एकवार पडद्याकडं पाहिलं. "डावा," ती म्हणाली.

जानकीबाईनं मनगट सोडलं. खेळ संपला, बायका पदर झटकून उठल्या, तरी ती विझलेल्या धोतराकडं बघत बसून राहिली.

सकाळी सुंदरबाई उठल्या उठल्या चुलीपाशी गेली. चुलीत विळा नव्हता; तो वळचणीलाच खोचलेला होता. तिनं दारातून अंगणात डोकावलं. जानकीबाई तुळशीपुढं उभी होती. रोजच्यासारखं तिनं उजव्या हातानं पाणी घातलं. मग इकडंतिकडं पाहिलं, तांब्या डाव्या हातात घेतला आणि उरलेलं पाणी हळूच ओतलं.

वाकून ती बघत राहिली. पाणी मुळाशीच गेलं.