प्रबंध खुला झाला

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुने प्रबंध सगळ्यांना फुकट वाचायला खुले करायचं ठरवलं. तिचा प्राध्यापक नवरा तेवढा आपला प्रबंध खुला करू द्यायला तयार होईना. "लोक चोरतील गं," हेच त्याचं पालुपद.

तिच्या मनात पाल चुकचुकली. यांनीच तर कुणाचा चोरला नसेल?

शेवटी ग्रंथपालबाईंनी नियमावर बोट ठेवलं आणि प्रबंध खुला झाला. नवरा बाहेर पडताच तिने मोबाइलवर थेट प्रकरणंच वाचायला घेतली. भाषा त्याचीच, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच्याच. उगाच संशय घेतला म्हणून ती ओशाळली आणि कौतुकाने पहिल्या पानावर आली.



"माझ्या प्रिय पत्नीस," अशी अर्पणपत्रिका होती, आणि खाली साल होतं त्यांच्या लग्नाच्या चार वर्षं आधीचं.