भुवयांचा भाव

केटलिनचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन झालं त्या वर्षी, मे महिन्यात, डिंफनाने कुणाला न विचारता भाव वाढवला. मेणाने भुवया कोरायचे आठ युरो होते, ते बारा केले.

केटलिनच्या आईला, नोरीनला, ते बर्नीकडून कळलं. बर्नी खुर्चीत मान मागे टाकून पडली होती आणि तिच्या डाव्या भुवईवर गरम मेण होतं.

"बारा?" नोरीनने विचारलं.

"बारा. मी म्हटलं, बाई गं, मला भुवया दोनच आहेत. तर म्हणते कशी, स्वस्तात हवं असेल तर नोरीनकडे जा."

नोरीनने पट्टी ओढली. जरा जोरातच ओढली.

ड्रमकील गावात एकाच रस्त्यावर दोघींची घरं. डिंफनाचं चढावर, चर्चपाशी. नोरीनचं खाली, पुलापाशी. पूर्वी दोघी हॉटेलातल्या पार्लरमध्ये कामाला होत्या. मेण किती तापवायचं, बाई बडबडी असली तर हात कसा चालता ठेवायचा, हे नोरीनला डिंफनानेच शिकवलेलं. हॉटेल बंद पडलं तेव्हा दोघींनी आपापल्या घरात पार्लरसाठी एकेक खोली काढली, आणि डिंफनाच्या स्वयंपाकघरात चहा घेताना एक गोष्ट ठरवली. भाव दोघींचा एकच. बदलायचाच झाला तर समोरासमोर बसून.

नोरीनचं घर त्या खोलीवर चालत होतं. नवरा कॅनडात विटा रचत होता. त्याचे पैसे कधी यायचे, कधी नाही. खोली बंद पडली असती तर केटलिनला घेऊन बहिणीच्या दारात उभं राहायचं, एवढंच उरलं असतं.

चढ चढून जाऊन सरळ विचारता आलं असतं. पण असं विचारायची तिथे रीतच नाही. रविवारी चर्चच्या दारात दोघी भेटल्या.

"हवा छान पडलीय," डिंफना म्हणाली.

"टिकली तर बरं," नोरीन म्हणाली. आणि दोघी आपापल्या बाकावर जाऊन बसल्या.

दोन-तीन आठवडे नोरीनच्या दारात गाड्या लागल्या. पण जी येई ती तेच सांगे, डिंफनाने पाठवलं, तुझ्याकडे स्वस्त पडतं म्हणून. स्वस्त, स्वस्त. एके सकाळी नोरीनने फळ्यावरचा आठ पुसला आणि तेरा लिहिला.

"डोकं फिरलं का तुझं?" बर्नी म्हणाली.

"का? माझा हात तिच्यापेक्षा हलका आहे की काय?"

"हात नाही गं, आमची पाकिटं हलकी आहेत."

आठवड्याच्या आत डिंफनाने पंधरा केले. नोरीनने सोळा. ऑगस्ट उजाडेपर्यंत दोघींचा भाव वीस युरोंच्या पुढे गेला. बायका मोठ्या गावाला जायला लागल्या. ज्यांना तेही परवडेना त्या घरीच आरशासमोर चिमटा घेऊन बसायच्या.

"तुमच्या भांडणात आमच्या कपाळावर रान माजलं," बर्नी म्हणाली. "आणि तिकडे डिंफना तर सकाळी दारच उघडत नाही. दुपारनंतर या म्हणते."

"महाराणीचं दर्शन दुपारीच व्हायचं."

सप्टेंबरात डिंफना स्वतःच उतार उतरून आली. उन्हाचा दिवस, तरी अंगात जाड कोट. ओठांना लाल रंग. फाटकाच्या आत काही आली नाही.

"नोरीन, तू भाव उतरव."

"आधी तू उतरव."

"मला नाही जमायचं."

"का? एवढी मोठी झालीस?"

डिंफना हसली. "तसं समज. पण तू उतरव. माझं ऐक एकदा."

"तुझं ऐकूनच इथवर आले. आता माझं मी बघीन."

डिंफना फाटकाला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग "केटलिन उंच झाली गं," म्हणाली आणि चढाला लागली. वाटेत दोनदा दगडी कुंपणाला टेकली. लोकांनी बघावं म्हणून चाललंय सगळं, असं नोरीनला वाटलं.

ऑक्टोबरात नोरीनने घर उबदार ठेवायच्या तेलाची टाकी अर्धीच भरून घेतली. खुर्चीवर चादर टाकून ठेवली. दिवसच्या दिवस कुणी फिरकत नसे, त्यामुळे गावातलं काही कानावरही येत नसे.

नोव्हेंबर लागला आणि एका सकाळी फोन वाजला. मालाकी होता, डिंफनाचा नवरा.

"घरी येऊन करायचे काय घेतेस, नोरीन?"

नोरीन सावध झाली. भाव काढायला नवऱ्याला पुढे केलंय तर.

"काय काय करायचंय?"

"चेहरा, केस, नखं."

"तुमच्या घरात एक जण आहे की हे करणारी."

"तिनेच तुझं नाव सांगितलंय. दुसऱ्या कुणाचा हात नको म्हणाली."

नोरीनच्या छातीत काहीतरी सुखावलं. आली ना शेवटी माझ्याच हाताखाली! "तुमच्या घरी यायचं तर तिप्पट पडेल," ती म्हणाली.

"चालेल. तू सांगशील ते."

तिने पेटी भरली, स्वतःचे ओठ रंगवले आणि ताठ मानेने चढ चढली. चर्चपाशी गाड्याच गाड्या. डिंफनाच्या अंगणात पुरुष टोप्या हातात घेऊन उभे. स्वयंपाकघरात बर्नी सँडविच कापत होती; तिने वर पाहिलं नाही. ओसरीतल्या आरशावर कुणीतरी चादर टाकली होती.

मालाकीने दार उघडून धरलं. "तिचीच पेटी वापर, ती म्हणाली होती. पैसे मेजावर ठेवलेत." मग खाली बघत म्हणाला, "एप्रिलात डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून तिला एकच घोर. म्हणायची, मी जायच्या आत माझी गिऱ्हाइकं नोरीनच्या दारात रुळायला हवीत. कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून भाव वाढवला. तू वाढवलास की तिलाही वाढवावा लागायचा."

डिंफना टिर्नी सोमवारी, ३ नोव्हेंबर २०१४ रोजी पहाटे वारली.